निळ्या घराचा कठडा

सोमवार, ४ मार्च

निळं घर आज आलं. लिलावघराच्या दोन माणसांनी ते टेम्पोतून उतरवलं आणि वर आणताना इतक्यांदा "सांभाळून, सांभाळून" म्हणाले, की आमचे हे खोलीतून बाहेर येऊन विचारू लागले, "पेशंट कोण आहे?" दवाखाना बंद करून तीन वर्षं झाली, तरी दारात आलेला प्रत्येक माणूस यांना दात धरूनच आलेला दिसतो.

बाहुलीघरं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, पण असं घर हाताखाली आलं नव्हतं. उंची माझ्या कंबरेएवढी. पुढची भिंत कपाटाच्या दारासारखी उघडते आणि आत तीन मजले. खिडक्यांच्या काचा खरोखर वरखाली सरकतात. चौकटीच्या पोटात शिशाची बारीक वजनं दोऱ्याला टांगली आहेत, म्हणून काच जिथे सोडाल तिथे थांबते. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तशी थांबत नाही, तिला लाकडी चमचा लावावा लागतो. कपाटाचे खण बाहेर काढून पाहिले. खणाची मागची बाजू, जी कोणाला कधी दिसणार नाही, तीही घासून गुळगुळीत केली आहे. जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सुताराने उंदराचं बीळ कोरून ठेवलंय, आणि बिळाच्या तोंडाशी रंगाचे दोन ठिपके, म्हणजे डोळे. मोठ्याने हसले मी.

पण सगळ्यात जीव ओतलाय तो जिन्याच्या कठड्यात. काडीपेटीतल्या काडीएवढ्या दांड्या, प्रत्येक वेगळ्या नक्षीने कातलेली. एक दुसरीसारखी नाही. कोणी सांगितलं होतं त्या माणसाला एवढं करायला?

६ एप्रिलला लिलाव आहे. त्यांनी पाठवलेल्या या संग्रहातली सगळी घरं तोवर तयार हवीत आणि निळं घर त्यातलं मुख्य.

आता दुसरी गोष्ट. ती या वहीशिवाय कुठे बोलायची सोय नाही. माझा उजवा हात थरथरतो. काम करताना कमी, मांडीवर रिकामा ठेवला की जास्त. थंडीने होत असेल म्हणून हिवाळा काढला. थंडी गेली, हात तसाच. आणखी एक गंमत म्हणजे या वहीतलं मागच्या वर्षीचं अक्षर चांगलं टपोरं आहे आणि आताचं मुंगीएवढं. बाहुल्यांच्या घरांसाठी चिठ्ठ्या लिहून लिहून सवय लागली, दुसरं काय.

गुरुवार, ७ मार्च

यांनी आज बैठकीतला गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला. का, तर म्हणे धूळ धरतो. लग्नापासून तो धूळ धरतोय, ती आत्ता दिसली. मी बोलायला लागले तशी यांनी डावा हात वर केला. ही यांची जुनी चाल. दवाखान्यात प्रत्येक पेशंटला सांगायचे, "दुखलं तर डावा हात वर करायचा, मी लगेच थांबेन." मी बोलायला लागले की हे डावा हात वर करतात. मी मात्र थांबत नाही.

सोमवार, ११ मार्च

चष्म्याचा नंबर काढायला जाते असं घरी सांगितलं आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला खोलीत चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, माझं मनगट हातात धरून फिरवलं. मग विचारलं, "वास नीट येतो का तुम्हाला?" मी म्हटलं, हात दाखवायला आलेय, नाक नाही. ते हसले नाहीत.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. बरा होत नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहतो, हळूहळू वाढतो. "काम काय करता?" सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "जमेल तेवढे दिवस करा." मला त्या पेन खाली ठेवण्याचा फार राग आला.

बसस्टॉपवर बसले आणि दोन बस सोडल्या. हात गेला तर मी कोण? मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाक तर हेच माझ्यापेक्षा बरा करतात. लोकांच्या आजीपणजीच्या खेळण्यांना मी पुन्हा उभं करते, एवढीच माझी ओळख आहे आणि ती या पाच बोटांत आहे.

यांना सांगायचं नाही. लिलावघराला तर नाहीच. त्यांची सूची लिहिणारे भिंगसाहेब (नाव वेगळं आहे, पण डोळ्याला भिंग लावल्याशिवाय ते मीठसुद्धा घेत नसतील) एकदा जरी हात थरथरताना बघतील, तर निळं घर त्याच टेम्पोने परत जाईल. गोळ्या लाकूड चिकटवायच्या सरसाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. कामाच्या खोलीत हे कशाला हात लावत नाहीत.

गुरुवार, १४ मार्च

काय काय करून पाहिलं ते लिहिते. मनगटाला वाळूची पिशवी बांधली. कोपर टेबलाला पट्ट्याने आवळलं. श्वास रोखून धरला. डाव्या हाताने उजवा दाबून ठेवला, तर चिमटा धरायला हात उरला नाही. गोळीचा अंमल असतो तेव्हा थोडा वेळ बरं जातं, तेवढ्यात खुर्च्या, पलंग, पडद्याच्या काठ्या उरकून घेतल्या. पण जेवल्यावर त्याच गोळीने अशी झोप येते, की दुपारी मी ओंडक्यासारखी पडते. उठते तेव्हा अंगावर शाल असते.

आज हे माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "सरस किती गरम करतेस गं? उकळी येऊ देतेस का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"सहज. चिकटतो कसा, सुटतो कसा, काही कल्पना नाही मला."

"चाळीस वर्षांत कधी विचारलं नाहीत. तुम्ही तुमचे दात बघा."

"आता दात कुठे राहिलेत बघायला," म्हणाले आणि गेले. उगाच तोडून बोलले. पण ते जवळ उभे राहिले की मला हात मांडीखाली दाबून बसावं लागतं. एक मात्र आहे, हल्ली सकाळ-दुपार पाण्याचा पेला आठवणीने टेबलावर आणून ठेवतात, नेमका माझ्या गोळीच्या वेळेला. म्हातारपणी माणसाला असले नेम लागतात.

सोमवार, १८ मार्च

मोडलं.

जिना साफ करत होते. कापसाची काडी, किंचित ओल, कितीदा केलेलं काम. हात उडाला. दुसरा शब्द नाही, कोणीतरी कोपराला धक्का द्यावा तसा तो आपला आपण उडाला आणि कठड्यावर आदळला. वरच्या वळणावरच्या दांड्या तुटून टेबलावर पडल्या. एक खाली घरंगळली. मी जमिनीवर रांगत ती शोधली. मग टेबलाशी बसून, उंदराच्या बिळाकडे बघत रडले. एवढी वर्षं ते घर पोरांच्या हातात राहिलं, मुलांनी त्याच्यावर बाहुल्या आपटल्या असतील, त्याला काही झालं नाही. मोडलं ते दुरुस्त करणारीच्या हातून.

मंगळवार, १९ मार्च

सरस लावून दांड्या बसवल्या. सरसच, कारण माझ्या गुरूंनी पहिल्या दिवशी सांगितलेला नियम एकच होता: आपण जे करू ते पुढच्याला उलटवता आलं पाहिजे. सरसाला ऊब आणि ओल दिली की सांधा हाताशी येतो, जुन्या लाकडाला इजा होत नाही. पन्नास वर्षांनी कोणी शहाणी बाई आली तर तिने मला शिव्या न देता माझं काम सोडवावं, एवढी माझी इच्छा.

पण आज माझ्या कामाकडे कोणीही बघू नये. दांड्या झिंगलेल्या माणसांसारख्या उभ्या आहेत. एक तर मी उलटी लावली. काढली, पुन्हा लावली, पुन्हा वाकडी. सरस सगळीकडे माखला. शेवटी तसंच सोडलं आणि जेवून पडले. पडल्या पडल्या एकच विचार, उद्या फोन करून सांगावं की मला जमणार नाही. सांगताना आवाज थरथरला नाही म्हणजे मिळवली.

बुधवार, २० मार्च

फोन केला नाही. कारण लिहिते, आणि लिहितानासुद्धा खरं वाटत नाही.

कठडा सरळ आहे! सगळ्या दांड्या ओळीत, उलटी लावलेली सुलटी. ती मीच शेवटी सुलटी केली असणार, कालच्या रडारडीत लक्षात राहिलं नाही. सरस वाळताना लाकडाला आत ओढून घेतो, हे मला माहीत आहे. पण इतकं? वर माखलेला सरसही दिसत नाही, पुसल्याचं आठवतं खरं. भिंग लावून बघणार होते, मग ठेवून दिलं. चांगलं झालेलं उकरून बघू नये.

म्हणजे हात अजून गेलेला नाही. मेंदूचे डॉक्टर काय, त्यांनी माझं काम कुठे पाहिलंय. आज स्वयंपाकघरात जाऊन मी यांना विनाकारण मिठी मारली. हे भाजी चिरत होते. म्हणाले, "अगं सुरी आहे हातात," आणि मग सुरी ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले.

शनिवार, २३ मार्च

काल निळ्या घराच्या दिवाणखान्यातल्या झुंबराचा एक लोलक लावताना निसटला, पुन्हा लावला, वाकडाच राहिला. आज बघते तर सरळ. बाहुलीच्या पाळण्याची दांडी तशीच. माझ्या लक्षात येतंय ते असं की काम करताना मला सगळं वाकडं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी सरळ. म्हणजे दोष हातात नव्हताच, भीतीने डोळ्यांना तसं दिसत होतं.

यांचं काहीतरी बिनसलंय मात्र. दुपारी मी पडले की रेडिओ मोठ्याने लावतात. झोपेतही तो घुरघुर आवाज कानात येतो. आणि उजव्या डोळ्याभोवती लाल वळ उठलाय. विचारलं तर म्हणाले, भिंग लावून बारीक टाइपाचं पुस्तक वाचतोय. कोणतं पुस्तक, तर आठवेना. वय झालं.

मंगळवार, २६ मार्च

भिंगसाहेब सूचीचा मजकूर पक्का करायला आले. मी सकाळपासून गोळीची वेळ जुळवून बसले होते. त्यांनी निळ्या घराची पुढची भिंत उघडली, गुडघ्यावर बसले आणि एकेक खोली बघत गेले. मग म्हणाले, "बाई, मी आजवर महाल विकलेत. पण राहावंसं वाटलं ते या घरात." मला ते बोलणं फार आवडलं.

मग ते जिन्यापाशी वाकले आणि नाक ओढून म्हणाले, "इथे लवंगेचा वास येतो. तुम्हाला येतोय?"

मला काही येत नव्हता. सर्दी आहे बहुतेक, बरेच दिवस झाले. पण भिंगसाहेबांना आलेला वास मला येत नाही, हे मी कसं सांगणार? ताठ मानेने म्हटलं, "येणारच. जुने कारागीर सरसात लवंगेचं तेल घालायचे, कीड लागू नये म्हणून." तसं कोणी कोणी करायचे, हे खोटं नाही.

"इतकी वर्षं टिकला वास?"

"बंद घर आहे. जाणार कुठे?"

त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. जाताना विचारलं, पुढच्या वर्षी याहून मोठा संग्रह येतोय, घ्याल का? मी हो म्हणाले. दारात हे उभे होते. ते गेल्यावर यांनी विचारलं, "हो म्हणालीस?"

"का म्हणू नये?"

यांचं तोंड अक्कलदाढ दुखत असल्यासारखं झालं होतं.

मंगळवार, २ एप्रिल

छापील सूची आली. निळ्या घराला पूर्ण दोन पानं आणि कठड्याचा वेगळा फोटो! खाली लिहिलंय, "जिन्याच्या भागात मूळ कारागिराने वापरलेल्या लवंगमिश्रित सरसाचा सुगंध आजही दरवळतो." मी जेवताना यांना मोठ्याने वाचून दाखवलं. यांना असा ठसका लागला, की पाणी द्यावं लागलं. ठसका थांबल्यावर म्हणाले, "हे छापलं त्यांनी? लवंगेचं?"

"मग? मीच सांगितलं."

हे ताटावरून उठले. अर्धं जेवण टाकून उठणारा माणूस नव्हे हा.

नवे कप आणलेत, दोन्ही बाजूंना कान असलेले. म्हणे स्वस्तात मिळाले. लहान मुलांचे कप आहेत ते. मी मुद्दाम जुन्याच कपात चहा घेतला. सांडला थोडा.

शुक्रवार, ५ एप्रिल

हे लिहिताना हात इतका हलतोय की अक्षर मलाच वाचता येणार नाही. चालेल. कोणी वाचायचं नाहीच.

लिलावघरात सकाळी शेवटची तपासणी होती. खोलीत अंधार करून जांभळा दिवा लावतात. त्या उजेडात जुनं रंगरोगण वेगळं दिसतं, नवं वेगळं. भिंगसाहेबांनी एकेक घर बघितलं, माझ्या कामाला मान हलवत गेले. मग निळं घर उघडलं आणि दिवा जिन्यावर धरला.

कठडा पेटला. दांड्यांची मुळं आणि वरचा सांधा, निळसर पांढरा उजेड. सरस इतका लखलखीत दिसत नाही. कुठलाच दिसत नाही. भिंगसाहेबांनी आ वासला आणि त्या अंधारात मला त्यांचे दात दिसले. दात आणि कठडा, एकच रंग.

त्या क्षणी मला सगळं कळलं. रेडिओ, डोळ्याभोवतीचा वळ, अंगावरची शाल. लवंग. दाताच्या दवाखान्यातलं लवंगतेल. माझ्या घरात जन्मभर तो वास आहे, यांच्या हाताला, यांच्या शर्टांना. लग्न झालं तेव्हा मला त्याने मळमळायचं. तो वास मला कधीपासून येत नाही, हे मला सांगता येत नाही.

"हे काय आहे?" भिंगसाहेबांनी विचारलं. "कोणी केलं हे?"

यांचं नाव सांगितलं, की माझा हात गेला हे सांगितल्यासारखं होतं. "मीच," म्हटलं. "दातात भरायचं सिमेंट आहे."

"तुम्ही?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, की वाटलं त्यांनी ओरडावं. "सूचीत मी मूळ कठडा लिहिलंय, बाई. मूळ. हे सुटतं का?"

"नाही. पाण्याने, उबेने, कशाने नाही."

त्यांनी दिवा विझवला. निळं घर लिलावातून काढलं. मी घरी आले आणि या खोलीची कडी लावून घेतली. हे बाहेरून हाक मारतायत. मारू देत.

शनिवार, ६ एप्रिल

आज लिलाव झाला असेल. बाकीची घरं गेली असतील. सकाळी दार उघडलं. हे बाहेर खुर्ची टाकून बसले होते.

"माझ्या कामाला हात कोणी लावायला सांगितला होता तुम्हाला?"

"कोणी नाही."

"सिमेंट! शंभर वर्षांच्या लाकडात सिमेंट! तुम्हाला ठाऊक आहे मी कशासाठी जन्म घालवला? पुढच्याला सोडवता यावं म्हणून. आणि तुम्ही..."

"मला तेच एक येतं गं. सरसाचं विचारलं होतं मी तुला."

मी आवाज चढवला. मी म्हणाले, तुम्ही दुरुस्ती नाही केलीत, माझी फसवणूक केलीत. मला वाटलं हात परत आला. रोज सकाळी उठून मी आनंदाने नाचायचीच बाकी होते, आणि तुम्ही भाजी चिरत ते बघत होतात. याहून हात सरळ कापून टाकला असता तरी चाललं असतं. यांनी डावा हात वर केला नाही. नुसते ऐकत राहिले.

मग म्हणाले, "त्या दिवशी जेवून तू झोपली होतीस, मी खोलीत डोकावलो. दांड्या बघितल्या. त्या बघून तू उठल्यावर काय होईल ते मला दिसलं. म्हटलं आजचा दिवस निघू दे. मग दुसऱ्या दिवशी तू मिठी मारलीस. आता सांग, त्यानंतर मी कसं थांबायचं होतं?"

"कधीपासून माहीत होतं?"

"चष्म्याचा नंबर काढायला गेलीस आणि चष्मा बदलला नाहीस, तेव्हा खात्री झाली. त्याआधीपासून वाटत होतं. चाळीस वर्षं लोकांना खुर्चीत बसवलंय मी, हात बघायची सवय आहे. घाबरलेला माणूस तोंडाने सांगत नाही."

गालिचा. पेला. कप. मी एकेक करून मोजत गेले आणि प्रत्येक वेळी मी या वहीत काय काय लिहून ठेवलंय ते आठवलं. म्हातारपण, नेम, वय झालं! मला फार लाज वाटली, आणि रागही तसाच होता. दोन्ही एकदम असतात हे ठाऊक नव्हतं. दुपारी कोणीच जेवलं नाही.

सोमवार, ८ एप्रिल

भिंगसाहेबांना फोन केला. सगळं सांगितलं, आजाराचं नाव घेऊन सांगितलं. पहिल्यांदाच ते मोठ्याने उच्चारलं. हे शेजारी बसले होते, त्यांनी माझ्या रिकाम्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं. पुढचा संग्रह घेणार नाही, हेही सांगितलं. हे सांगताना मात्र आवाज गेलाच.

भिंगसाहेब म्हणाले, "म्हणजे ती लवंग?"

"आमच्या घरातली."

"बाई, ते छापलंय मी. लोक येऊन जिन्यात नाक घालून गेले. एक तर म्हणाला, असा सरस आता मिळत नाही."

मला हसू आलं. हसताना रडू आलं आणि फोन यांच्या हातात द्यावा लागला. यांनी "हो... हो... बघतो" केलं आणि ठेवला. भिंगसाहेब निळं घर परत पाठवतायत. पुढच्या लिलावापर्यंत सिमेंट निघालं आणि लाकूड वाचलं, तर मूळ कठडा म्हणून ते पुन्हा ठेवता येईल. नाही तर जिना काढून विकावं लागेल.

"निघेल?" मी विचारलं.

"भरलेलं काढायचंच काम केलंय जन्मभर," हे म्हणाले. "पण कुठे लाकूड संपतं ते मला दिसत नाही. ते तुला दिसतं."

रविवार, १४ एप्रिल

निळं घर पुन्हा माझ्या टेबलावर आहे. यांनी पलंगाखालची दवाखान्याची पेटी उघडली, दात कोरायचं यंत्र जोडलं. त्याचा घुरघुर आवाज ऐकताच मी ओळखला. रेडिओच्या आडचा तो हाच. सकाळी सरस भिजत घातला होता. यांना तो हळूहळू तापवायला शिकवलं. उकळी येऊ द्यायची नाही. हे मन लावून ऐकत होते. वास कसा येतो ते विचारलं, तर म्हणाले, घाणेरडा. बरं झालं, मला येत नाही.

मग मी माझी जागा त्यांना दिली. माझ्या स्टुलावर दुसरं कोणी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिथून उठून बाजूच्या खुर्चीत बसायला मला बराच वेळ लागला. त्यांनी घाई केली नाही.

"कुठून सुरुवात करू?"

"खालून. पहिल्या दांडीच्या मुळाशी. लाकूड पिवळसर आहे, तुमचं ते पांढरं. पिवळ्याला लागता कामा नये."

"हिरडीला लागू द्यायचं नाही. समजलं." त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, वाकले, आणि यंत्र चालू करण्याआधी सवयीने म्हणाले, "दुखलं तर डावा हात वर करायचा."

पहिली दांडी सुटली, लाकडाला ओरखडा नाही. दुसरी सुटली. काय स्थिर हात आहेत यांचे! इतकी वर्षं मी ते कधी नीट बघितलेच नव्हते. मी "थोडं डावीकडे", "आता थांबा", "आता हळू" सांगत होते आणि त्यांची बोटं माझ्या बोलण्यासारखी फिरत होती. तिसऱ्या दांडीची नक्षी मला सगळ्यात आवडायची, मधोमध मणी आणि वर कळी. ती मी उलटी लावली होती. यंत्र तिच्या मुळाशी टेकलं आणि मला कळलं, की असं काम मी पुन्हा करणार नाही. उद्या नाही, पुढच्या वर्षी नाही. कधीच नाही.

मी डावा हात वर केला.

तोही थरथरत होता. मला आज पहिल्यांदा दिसलं. यांना बहुतेक आधीच दिसलं असणार, कारण ते हाताकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. यंत्र त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. मी हात खाली घेईपर्यंत ते थांबून राहिले.